घरातल्या फोनची कडी

माझ्या धाकट्या बहिणीचा तिसरा महिना सरत आला होता. पहिलेच मूल. रोज रात्री ती फोनवर वाचत बसायची. बाळ आता केवढे झाले असेल, काय खावे, काय टाळावे. एका संकेतस्थळावर तिने प्रसूतीची अपेक्षित तारीखसुद्धा भरून ठेवली होती. मग एके दिवशी ती दवाखान्यातून रिकाम्या कुशीने घरी आली. अल्लाहची मर्जी म्हणून सगळ्यांनी तिला सांभाळून घेतले. सासूबाईंनी शिवायला घेतलेली दुपटी गुपचूप कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकवली. घरात कोणी पुन्हा विषय काढला नाही.

फोनने मात्र विषय सोडला नाही. बातमी वाचायला घ्यावी तर मधोमध पाळणा. बिर्याणीची कृती उघडावी तर खाली बाळाचे साबण. महिने जात होते तसतसे जाहिरातीतले बाळही वाढत होते. ज्या महिन्यात तिची तारीख होती त्या महिन्यात नवजात बाळाचे कपडे दिसू लागले. एके दिवशी ती मला म्हणाली, "आपा, घरची माणसं मला विसरायला मदत करतात आणि हा फोन रोज आठवण काढतो. याला कोण सांगतं गं?"

मला उत्तर देता आले नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक हा माझा विषय नव्हे. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून शोधत गेले, शाळेतल्या जाणकार सहकाऱ्यांना विचारत गेले. आज हे तिच्या परवानगीने लिहिते आहे, कारण उपाय अर्ध्या तासाचा होता आणि तो आम्हाला कोणीच सांगितला नव्हता.

कुकी म्हणजे काय?

१९९४ साली नेटस्केप नावाच्या अमेरिकी कंपनीत लू मोंटुली हे अभियंता काम करत होते. तेव्हाच्या संकेतस्थळांना स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही एक पान सोडून दुसऱ्या पानावर गेलात की दुकान तुम्हाला विसरून जाई. पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर कशी राहणार? मोंटुली यांनी युक्ती काढली. संकेतस्थळाने एक छोटी चिठ्ठी तुमच्याच संगणकात ठेवायची आणि तुम्ही परत आलात की ती वाचायची. त्या चिठ्ठीला नाव पडले कुकी.

ही चिठ्ठी वाईट नाही. वीजबिल भरताना प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा ओळख सांगावी लागत नाही, ती तिच्यामुळेच. अडचण दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठीची आहे.

आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते सगळे एकाच घरातून येत नाही. बातमी वर्तमानपत्राची असते, पण जाहिरातीचे चौकोन आणि वाचक मोजणारी यंत्रणा बहुधा दुसऱ्या कंपन्यांची असते. या तिसऱ्या पाहुण्यांनाही आपल्या फोनमध्ये चिठ्ठी ठेवता येते. त्यांना थर्ड-पार्टी कुकीज म्हणतात.

असे समजा की बाजारात एकच माणूस वही घेऊन प्रत्येक दुकानाच्या दारात बसला आहे. कापडवाल्याकडे, औषधवाल्याकडे, सोनाराकडेही तोच. त्याला तुमचे नाव माहीत असेलच असे नाही. त्याने तुम्हाला एक क्रमांक दिला आहे आणि त्या क्रमांकापुढे तो लिहीत जातो: सकाळी औषधाच्या दुकानात, दुपारी लहान मुलांच्या कपड्यांकडे. संध्याकाळी तुम्ही भाजी घ्यायला गेलात की तो तिथेच पाळणा दाखवतो. माझ्या बहिणीच्या "याला कोण सांगतं" या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या वहीत आहे. वहीत तारीख चढली होती. ते मूल आले नाही, ही नोंद करणारा रकाना तिच्यात नव्हता.

कडी आतून आहे

हे बंद करता येते, आणि काही ब्राउझर ते आधीच बंद करून देतात. आयफोनवरचा सफारी मार्च २०२० पासून अशा परक्या कुकीज स्वतःहून अडवतो. फायरफॉक्समध्येही पाठलाग रोखणारे संरक्षण सुरुवातीपासून चालू असते. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर मात्र क्रोम असतो. परक्या कुकीज टप्प्याटप्प्याने काढून टाकू, असे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले, मग मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणजे कडी आपणच लावायची आहे. फोन हातात घ्या आणि वाचता वाचता करा.

१. आधी जुन्या चिठ्ठ्या काढा. क्रोम उघडा, वर कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि "डिलीट ब्राउझिंग डेटा" निवडा. कालावधी "ऑल टाइम" करा आणि कुकीजवर खूण ठेवा. साठवलेल्या पासवर्डवर खूण नाही ना, हे पाहा. यानंतर काही संकेतस्थळांवर पुन्हा पासवर्ड घालून आत जावे लागेल, तेव्हा ते आधी वहीत लिहून ठेवा.

२. मग कडी लावा. तीन ठिपके, "सेटिंग्ज", "साइट सेटिंग्ज", "थर्ड-पार्टी कुकीज". तिथे "ब्लॉक" निवडा. क्वचित एखादे पान नीट चालत नाही, तेव्हा तेवढ्या पानापुरती सूट देता येते.

३. तिथेच "नोटिफिकेशन्स" उघडा. कधीतरी चुकून "अलाव" दाबलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. आमच्या अम्मीच्या फोनवर रोज "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" अशी सूचना यायची आणि ती घाबरून फोन बंद करून ठेवायची. तो व्हायरस नव्हताच. अशाच एका संकेतस्थळाने पाठवलेली ती जाहिरात होती. यादीतून त्याचे नाव काढले, सूचना थांबल्या.

४. त्याच यादीत "पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स" आणि "इंट्रूसिव्ह अ‍ॅड्स" आहेत. दोन्ही बंदच असू द्या.

५. शेवटी गूगल खाते. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग खात्यातील "डेटा अँड प्रायव्हसी", त्यात "माय अ‍ॅड सेंटर". तुमच्या आवडीनिवडी पाहून जाहिराती दाखवणे इथून पूर्ण बंद करता येते. शिवाय "सेन्सिटिव्ह" या भागात दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणे आणि गर्भारपण व बालसंगोपन या विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. हा शेवटचा विषय यादीत पाहिला तेव्हा बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने स्वतःच बोटाने तो बंद केला.

"सगळे मान्य" दाबण्यापूर्वी

अनेक संकेतस्थळे उघडताच कुकीजची पाटी दाखवतात. "सगळे मान्य" हे बटण मोठे, रंगीत असते. नकाराचे बटण फिके असते किंवा दुसऱ्या पानावर लपवलेले असते. आपण घाईत असतो, मोठे बटण दाबून मोकळे होतो. कोणाच्या घरात शिरण्यापूर्वी सलाम करावा, परवानगी मिळाली तरच आत जावे, हे आपण मुलांना बोलायला लागल्यापासून शिकवतो. इथे पाहुणा परवानगी मागतो आहे खरा, पण उत्तर त्यानेच आपल्या तोंडात घातले आहे. दोन सेकंद थांबा, "रिजेक्ट ऑल" दिसले तर ते दाबा. लेख तरीही वाचता येतो.

एक फोन, चार माणसे

आपल्या घरांत फोन एकाचा असतो आणि वापरतात सगळे. त्याहून गुंतागुंत अशी की मुलाचे खाते आईच्या फोनवर आणि आईचे खाते टीव्हीवर चालू असते. मग एकाने खासगीत शोधलेल्या गोष्टीची जाहिरात सगळ्यांसमोर येऊ शकते. सुनेने डॉक्टरांविषयी काही वाचले, तरुण मुलाने मन उदास का होते ते शोधले, वडिलांनी कर्जाची चौकशी केली, तर ते कधी आणि कोणाला सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा. फोन एकच असेल तर क्रोममधला "इन्कॉग्निटो" हा प्रकार वापरा. त्यातल्या खिडक्या बंद केल्या की फोनमध्ये इतिहास आणि कुकीज उरत नाहीत. मात्र तुम्ही पाहिलेले संकेतस्थळ आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून तो तुम्हाला लपवत नाही.

मुलांच्या बाबतीत कायदाही आपल्या बाजूने आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. पण मूल जर वडिलांच्या खात्यावर फोन वापरत असेल, तर समोरच्या कंपनीला ते मूल आहे हे कळणार कसे? त्यासाठीही वेगळे खाते हवे, आणि त्यात खरे वय भरलेले हवे.

ब्राउझरच्या पलीकडे

क्रोमला लावलेली कडी अ‍ॅपला लागू होत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी प्रकाशनाने उघड केले, की नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणाऱ्या मुस्लिम प्रो या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांचे ठिकाण एक्स-मोड या माहितीच्या दलालाकडे जात होते आणि त्या दलालाच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदार होते. ही बातमी आल्यावर अ‍ॅपच्या कंपनीने त्या दलालाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. त्यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की अ‍ॅप कोणत्या कामाचे आहे हे पाहून निर्धास्त होऊ नये. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या परवानग्या पाहा. ठिकाणाची परवानगी "फक्त अ‍ॅप वापरताना" एवढीच ठेवा किंवा काढून टाका आणि शहराचे नाव हाताने भरा. गूगलच्या सेटिंग्जमध्ये "अ‍ॅड्स" या भागात "डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी" असते, तेही दाबा. अ‍ॅपमधला वहीवाला तुम्हाला ओळखायला वापरतो तो फोनचा क्रमांक त्याने पुसला जातो.

एवढे करूनही जाहिराती संपणार नाहीत. फुकट वाचायला मिळणाऱ्या मजकुराचा खर्च त्यांतूनच निघतो, आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही स्वतःचा फोन नंबर किंवा ईमेल देऊन ज्या दुकानात आत गेलात, ते दुकान तुम्हाला ओळखणारच. बहिणीनेही त्या संकेतस्थळावरचे खाते स्वतः जाऊन बंद केले, कारण तिथून येणारे ईमेल कुकीज पुसून थांबले नसते.

तिच्या फोनवर आता घड्याळांच्या आणि गव्हाच्या पिठाच्या जाहिराती दिसतात. त्यांच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. गेल्या महिन्यात तिने सासूबाईंचा फोन स्वतः नीट करून दिला, शेजारच्या भाभींचाही. येत्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर तुमच्या घरातले सगळे फोन एका चटईवर मांडा. सगळ्यात धाकट्याला हा लेख मोठ्याने वाचायला सांगा आणि सगळ्यात थोरल्यांच्या फोनपासून सुरुवात करा.