किलोच्या भावाने जाणारे बीड

बिडाचे यंत्र आधी लाकडात घडते. फाउंड्रीत रस ओतायच्या आधी वाळूत साचा उठवावा लागतो आणि त्यासाठी त्या भागाचा लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळू न मोडता अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना अंश-दोन अंशांचा ढाळ देतात. हा ढाळ हाताने काचपेपर मारून सगळीकडे सारखा आणणे महाकठीण. पॅटर्न शॉपमध्ये डिस्क सँडरला मान मिळाला तो यामुळे. उभी फिरणारी लोखंडी तबकडी, तिच्यावर चिकटवलेला काचपेपर आणि पुढ्यात हव्या त्या अंशात कलणारे बिडाचे टेबल, एवढेच ते यंत्र. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली; तिथल्या नांगरांपासून कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांपर्यंत आपल्याकडचे सगळे बीडकाम कुठल्या ना कुठल्या पॅटर्नमेकरच्या हाताखालून गेलेले आहे.

तरीही जुने सँडर दुर्मीळच. सुतार पैसे साठवून आधी करवत घेई, मग रंधा मशीन. घासकामाला घरची पोरे आणि हेल्पर असत, त्यामुळे त्या कामाचे यंत्र शेवटी यायचे किंवा यायचेच नाही. काचपेपर मात्र जुना. लंडनच्या जॉन ओकी यांनी १८३३ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांना सिलिकॉन कार्बाइड सापडले आणि काचेपेक्षा कितीतरी कठीण दाणा हाती आला. आपल्या उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेलने १९४१ पासून घासचाके बनवायला सुरुवात केली. १९२६ मध्ये पोर्टर-केबल कंपनीच्या आर्ट एमन्स यांनी हातात धरून चालवायचा पट्ट्याचा सँडर आणला. आज हातातले सँडर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, आणि कोपऱ्यातले जड यंत्र मालकाला नुसती अडगळ वाटते. शिवाय त्याचे वजनच त्याच्या मुळावर येते. एवढे बीड किलोने विकले तर रोकडा पैसा मिळतो ना!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी कारखानदारी झाली नाही, म्हणून इथे शोधायचे ते गावोगावच्या लाकडाच्या वखारींत, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानांत, आयटीआयच्या सुतारकाम विभागात. सरकारी संस्थेतले यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होऊन लिलावात निघते. लिलावाच्या यादीत ते बहुधा ‘जुने लोखंडी मशीन’ एवढ्याच नावाने असते, तेव्हा जाऊन डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. येडशी आणि ढोकीवरून गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे वर्कशॉपचे गाव कुर्डुवाडी शेजारच्याच जिल्ह्यात. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी सुरू केलेल्या अडीच फुटी रुळांच्या त्या गाडीमुळे या मुलखाला वर्कशॉप म्हणजे काय ते कळले. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीच्या फाउंड्र्यांकडे चक्कर मारली तर पॅटर्न शॉपची सामग्री हाती लागण्याची शक्यता जास्त.

यंत्र दिसले की आधी नावाची पट्टी शोधावी. रंगाच्या थरांखाली बिडातच ओतलेली अक्षरे दडलेली असतात. लेस्टरच्या वॉडकिन कंपनीसारखे नाव निघाले, तर तिच्या जुन्या पुस्तिका अजूनही मिळतात. मग टेबलाला आणि चौकटीला तडा आहे का, ते बघावे. टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर चांगले. बद्द आवाज आला तर तिथेच बारकाईने पाहावे. गंज, जळालेली मोटार, गेलेले बेअरिंग यांना घाबरायचे कारण नाही. बेअरिंग बाजारात मिळते, मोटार रिवाइंड होते. फुटलेले बीड जोडणे मात्र नाजूक काम.

गंज काढायला ग्राइंडर लावू नये. टेबलाचा सपाटपणा जातो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून बॅटरी चार्जरची ऋण तार त्याला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला जोडली, तर गंज सुटतो आणि धातू शाबूत राहतो. हे काम उघड्यावरच करावे, कारण पाण्यातून हायड्रोजन निघतो. धन तारेला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा खरवडू नये.

मला सगळ्यात आवडते ती पट्ट्याच्या सँडरची पुली. नीट पाहिली तर ती सपाट नसते, मध्यभागी केसभर उंच असते. फिरता पट्टा उंच बाजूकडे चढत जातो, म्हणून तो कडेला न घसरता मध्यावर येऊन थांबतो. वर्षानुवर्षांच्या घासणीने हा फुगीरपणा गेला की पट्टा सारखा निसटतो आणि मालक यंत्राला बोल लावतो. चांगल्या टर्नरकडून पुलीला पुन्हा तो आकार दिला की तेच यंत्र शहाण्यासारखे चालते. डिस्कच्या बाबतीत तबकडीचा डगडग डायल गेजने तपासावा, आणि काम नेहमी खाली येणाऱ्या बाजूवरच धरावे. वर जाणाऱ्या बाजूला लाकूड लावले तर ते उडून तोंडावर येते.

थ्री फेज वीज नसेल तर व्हीएफडी बसवून घरच्या विजेवर यंत्र चालते. मात्र मोटार डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालणारी हवी. जुन्या यंत्रांना धूळ ओढायची सोय नव्हती. ती करावीच. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट सांगितलेले आहे. जुनेपणाच्या प्रेमापोटी इथे तडजोड नको.

एवढी मेहनत कशासाठी? आपल्या भागात अजून माळवदाची घरे उतरवली जातात. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने लोहारा-उमरगा भागात दगडमातीच्या घरांची धास्ती बसवली. उतरवलेल्या घरांतले सागवानी खांब, तुळया, दारे आजही उत्तम असतात, पण मातीने माखलेली, खिळ्यांनी भरलेली. रंधा मशीनची पाती अशा लाकडावर पहिल्याच खिळ्याला दातरतात. आधी खिळे काढून ६० नंबरचा पट्टा, मग ८०, मग १२० असे चढत गेले की आतला सागवान जागा होतो, आणि पट्टा फाटलाच तर नुकसान एका पट्ट्याचे.

पण प्रत्येक जुने लाकूड घासायचे नसते. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट ही आपली ठेव आहे. तशा कामाला यंत्रच काय, काचपेपरही लावू नये. हत्याराच्या खुणा गेल्या की कारागीर गेला. वाड्याच्या नक्षीदार दारालाही हाच नियम लावावा असे माझे ठाम मत आहे.

तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे आहे. शंभर वर्षांच्या आतल्या यंत्रांना असा वाली अजून मिळालेला नाही. तुमच्या वखारीत, शाळेच्या कार्यशाळेत किंवा आजोबांच्या दुकानात असे एखादे धूड पडले असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याचा फोटो काढा, पट्टीवरचे नाव-नंबर लिहून ठेवा आणि गावातल्या एका सुताराला, एका टर्नरला दाखवा. मग विकायचे की चालवायचे ते ठरवा.