ब्राउझरमध्ये तयार होणारे अ‍ॅप

संगणकाची आज्ञावली लिहायला अभियांत्रिकीची पदवीच हवी, असे आम्ही कला शाखेची मंडळी आजवर समजत होतो. आता तसे राहिले नाही. रेप्लिट, लव्हेबल यांसारखी साधने ब्राउझरमध्येच उघडतात. ‘सभासदाचे नाव, वर्गणी, पावती क्रमांक यांची नोंदवही हवी’ असे साध्या भाषेत लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून चालते अ‍ॅप समोर ठेवते. आंद्रेय कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले.

खरी गोम पुढे आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या सहायकाने, काही बदलू नकोस असे बजावले असतानाही, अमेरिकेतील उद्योजक जेसन लेम्किन यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला; पुढे तो परत मिळवता आला. बँकेत नोंद एकाने करायची व मंजुरी दुसऱ्याने द्यायची, हा नियम आम्हांला पूर्वी जाचक वाटे. त्याचे मोल इथे कळते.

विद्यार्थ्यांनी असे अ‍ॅप जरूर बनवावे. मात्र आधी खोटी नावे भरून चालवावे, नोंदींची प्रत वेगळी ठेवावी आणि एका सभासदाच्या खात्यातून दुसऱ्याची माहिती उघडते का ते पाहावे. तोवर शिष्यवृत्तीच्या अर्जांतील आधार क्रमांक व जातीचे दाखले त्यात भरू नयेत.