आखातात जाण्याआधीचा हिशेब

आपल्या मेहकर, चिखली, खामगावकडची काही मुले दुबई-अबुधाबीला नोकरीस जातात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सारे होते. बँकेत मात्र कोणी येत नाही. मग वर्षाने वडील पासबुक घेऊन आमच्या काउंटरवर उभे राहतात.

पहिली गोष्ट तारखेची. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले, की तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. म्हणून शक्यतो २८ सप्टेंबरपर्यंत निघावे. मार्चच्या आत सुटीवर आल्यास तेही दिवस मोजले जातात, हे विसरू नये.

साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे. त्याच्या व्याजातून ३० टक्के व अधिभार कापला जातो. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवावी. तिचे व्याज करमुक्त.

खरी काळजी म्हातारपणाची. अमिरातीत पगारावर कर नाही, पण परक्या कामगाराला सरकारी पेन्शनही नाही. मिळते ती ग्रॅच्युइटी : पहिली पाच वर्षे दरसाल २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचे. दहा वर्षांचे साडेआठ महिने! म्हणून चालू पीपीएफ मुदतीपर्यंत भरत राहावे. गेल्यावर नवे उघडता येत नाही.

इथल्या नोकरीचा भविष्य निर्वाह निधी परदेशी नोकरीसाठी काढता येतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने तो सगळा काढून एजंटाला दिला. अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाचा असतो, हे त्याला तिकडे गेल्यावर कळले.