थॉरचा हातोडा ‘नो पार्किंग’मध्ये: दोघांनी मिळून हास्यचित्र कसं करावं?

एकाला विनोद सुचतो, दुसऱ्याला चित्र काढता येतं. अशी जोडी जमली की सुपरहिरोंच्या सिनेमांवर झकास हास्यचित्रं होऊ शकतात. ही वाट जुनी आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकाच्या चौथ्या अंकात सुपरमॅनची टर उडवणारी ‘सुपरडुपरमॅन’ ही चित्रकथा आली. ती लिहिली हार्वी कर्ट्झमनने, चित्रं काढली वॉली वुडने. आपणही असं काम करू शकतो. फक्त टप्प्यांचा क्रम सांभाळायला हवा.

१. सिनेमातला नियम शोधा. सिनेमा दोघांनी एकत्र बघावा, टिपणं मात्र वेगवेगळी काढावीत. नायकाच्या ताकदीचा नियम काय, ते लिहावं. ‘थॉर’ (२०११) या सिनेमात थॉर या नायकाचा हातोडा न्यू मेक्सिकोत येऊन पडतो. लायक नसलेल्याला तो उचलता येत नाही. पिकअप ट्रक लावून ओढायला गेले, तर ट्रकचा हौदाच निखळतो! हा नियम प्रेक्षकांना पाठ असतो, म्हणून आपल्याला तो समजावत बसावं लागत नाही.

२. विनोद एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘थॉरने नो पार्किंगमध्ये ठेवलेला हातोडा टोइंगवाल्यांना उचलता येत नाही.’ नियम सिनेमाचा, अडचण आपल्या रस्त्यावरची. बहुतेक जोड्या इथेच घसरतात. उत्साहाच्या भरात हल्क येतो, मग बॅटमॅनही येतो, आणि कशाला हसायचं तेच कळेनासं होतं. एका चित्रात एकच विनोद ठेवावा. उरलेले पुढच्या चित्रांसाठी वहीत राहू द्यावेत.

३. चिमुकली रेखाटनं काढा. यांना थंबनेल म्हणतात: काड्यापेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने काढलेले झटपट आराखडे. तीन-चार तरी काढावेत. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, चित्रावरूनही नजर बहुधा तशीच फिरते. म्हणून डावीकडे ‘नो पार्किंग’ची पाटी, मध्ये हातोड्याशी झटणारी टोइंगची पोरं आणि उजवीकडे निवांत वडापाव खाणारा थॉर. थॉर डावीकडे गेला, तर शेवट आधीच फुटतो. लेखकाने कोणती गोष्ट आधी दिसावी एवढं सांगावं. हात कसा काढायचा ते चित्रकारावर सोडावं.

४. ओळखीच्या खुणा ठरवा. लांब केस, लाल झूल आणि हातोडा एवढ्यावर थॉर ओळखू येतो. पोस्टर समोर ठेवून चेहरा गिरवू नये. चित्र निर्जीव होतं आणि ते आपलं राहत नाही. एखादी खूण वाढवावी: झूल इतकी लांब की तिच्यावरून स्कूटर जातेय.

५. शब्दांची जागा आधी राखा. पात्राचा संवाद ज्यात लिहितात त्या गोलाला फुगा म्हणतात. तो शेवटी बसवायला गेलं की कुणाचं तरी डोकं झाकलं जातं. कच्च्या चित्रातच अक्षरं लिहून बघावीत. मग एक कसोटी लावावी: जे चित्रात दिसतंय तेच फुग्यात असेल, तर शब्द खोडावेत. ‘हातोडा फार जड आहे!’ हे वाक्य नको. ‘साहेब, पावती हातोड्यालाच चिकटवू का?’ हे चालेल, कारण ते गोष्ट पुढे नेतं.

६. दुरुस्त्या पेन्सिलीवरच संपवा. शाई चढल्यावर बदल सांगितले की भांडणं होतात. सूचना देताना अडचण सांगावी, उपाय नव्हे. ‘हात वर कर’ऐवजी ‘तो दमलेला वाटत नाही’ म्हणावं. कदाचित चित्रकार घामाने काम भागवेल. संगणकावर रेषा, रंग आणि अक्षरं वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, असावीत. छपाईसाठी ए-फोर आकाराचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं लागतं. छोटं चित्र नंतर ताणलं, तर रेषा फुटतात.

७. तिसऱ्या माणसाला दाखवा. शक्यतो सिनेमा न बघितलेल्याला. काहीही न सांगता चित्र हातात द्यावं आणि गप्प बसावं. समजावून सांगावं लागलं, तर पुन्हा तिसऱ्या टप्प्यावर जावं.

८. नावं आणि हक्क लिहून ठेवा. दोघांची नावं चित्रावर असावीत. मानधनाची वाटणी आधीच कागदावर आणावी. मूळ पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षणासाठी सवलत आहे, पण विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून अशी चित्रं टी-शर्टवर छापून विकण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पहिल्या चित्राला वेळ लागेल, तो द्यावा. दुसऱ्या चित्राच्या वेळी भूमिका बदलून बघा: चित्रकाराने विनोद सुचवावा, लेखकाने थंबनेल काढावं, अगदी काडीची माणसं असली तरी चालतील. एकमेकांचं काम किती अवघड आहे हे असं कळलं, की जोडी टिकते.