जांभळा रंग आणि सातबारावरचं नाव

विकास आराखड्याचा नकाशा कधी पाहिलाय का हो तुम्ही? नगरपालिकेत भिंतीवर लावलेला असतो. राहायची वस्ती पिवळी, बाजारपेठ निळी, शेती हिरवी आणि कारखान्यांची जागा जांभळी. हिरव्यावर जांभळा रंग चढणार अशी कुणकुण लागली की गावात पारावर बैठका बसतात. एकरी भाव काय मिळेल, रस्ता कुणाच्या वावरातून जाईल, पोरांना नोकऱ्या लागतील का, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. त्या जमिनीत रोज खुरपणारी बाई मात्र या बैठकीत नसते. ती आत चहा करत असते!

आपल्या नगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) जमिनीचे हे व्यवहार नवे नाहीत. श्रीरामपूर भागात साखर कारखान्याच्या उसासाठी कंपनीनं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, १९६३ साली शेती महामंडळ झालं आणि या जमिनी महामंडळाकडे गेल्या. आपलीच जमीन परत मिळावी म्हणून खंडकऱ्यांच्या पिढ्या लढल्या. जमीन देताना कागदावर काय लिहिलं होतं आणि कुणाचं नाव होतं, याला नातवंडांच्या काळातही किती किंमत असते, हे या जिल्ह्याला सांगायला नको.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी स्थापन झाली. मग नगरजवळ नागापूरची वसाहत वाढली, पुणे रस्त्यावर सुपे वाढलं. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्यातून १९७२ पासून लूना रस्त्यावर आली आणि कितीतरी शिक्षिका, नर्स, बँकेतल्या मुली तिच्यावरून कामाला जाऊ लागल्या. आता समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेलाय. डिसेंबर २०२२ मध्ये तो नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला. शिर्डी परिसरातली शेती महामंडळाची जमीन औद्योगिक वसाहतीला देण्याचा निर्णयही शासनानं घेतला. म्हणजे जांभळा रंग अजून पसरणार.

कारखाने यायलाच हवेत. पाथर्डी-शेवगावकडून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या पाहिल्या की वाटतं, यांना गावाजवळ बारमाही काम मिळालं तर लेकरांची शाळा तरी सुटणार नाही. प्रश्न आहे तो कारखाना कुणाच्या जमिनीवर येतो आणि त्यात काम कुणाला मिळतं, हा.

आधी जमिनीचं बोलू. एमआयडीसी जमीन घेते तेव्हा कायद्याच्या कलम ३२(२) प्रमाणे नोटीस निघते. तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा, असा तिचा अर्थ. ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला येते, आणि ज्यांचा जमिनीत हितसंबंध आहे त्यांनाही हरकत घेता येते. आता सांगा, आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर थोडी जमीन करून द्यावी, असं तिचं साधं म्हणणं होतं. अनेक गावांनी ते केलंही. पण बाकीच्या गावांत आजही मोबदल्याचा चेक खातेदार पुरुषाच्या नावावर येतो आणि त्याचं काय करायचं ते तोच ठरवतो. मग दारात जीप येते, बंगल्याचा पाया खणला जातो, आणि चार वर्षांनी तीच बाई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. बचत गटांच्या निमित्तानं फिरताना असं घर मी एक नाही, बरीच पाहिली आहेत.

माहेरच्या जमिनीचं तर विचारूच नका. एमआयडीसी येणार म्हटलं की भावांना अचानक बहिणीची आठवण येते. साडी, चोळी, गोडधोड आणि जेवणानंतर, ‘ताई, इथं एक सही कर.’ ते हक्कसोडपत्र असतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. माहेर तुटू नये ही ओढ मलाही कळते. हक्क सोडायचा तर जरूर सोडा, पण काय सोडतोय ते वाचून, समजून सोडा. ताटावरून उठता उठता सही करू नका.

तुम्ही म्हणाल, आपण घाटावरची माणसं, आपला बंदराशी काय संबंध? पण आपला कांदा कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेव्यालाच जातो. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी आगरी-कोळी समाजाची शेतं, मिठागरं, खाजण जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. त्या आंदोलनात बायाही मोठ्या संख्येनं होत्या. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. एकदाच पैसे देऊन वाटेला लावायचं नाही, वाढत्या शहरात मूळ मालकाचाही वाटा ठेवायचा, हे सूत्र त्या लढ्यानं मिळवलं.

पण त्याच बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, त्याची गोष्ट वेगळी आहे. कोळ्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं. तिथं घरांना वाळवी लागली आणि ती माणसं वर्षानुवर्षं नव्या जागेसाठी भांडत राहिली. कोळी समाजात मासे विकणं, सुकवणं हे बायकांचं काम. होडीची नोंद असते, जाळ्याची किंमत लावता येते, पण टोपलीची नोंद कोण ठेवतो? आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. विरोध करणाऱ्यांत कोळणीही आहेत, त्याचं मूळ इथंच आहे.

आपल्याकडेही अशा टोपल्या आहेत. नगर शहरात आणि संगमनेरात घरोघरी सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका बघा. हजार विड्यांवर मजुरी. त्यांचा कारखाना म्हणजे त्यांचा उंबरठा. तो कुठल्या नकाशात जांभळा दिसत नाही, म्हणून रोजगाराच्या गप्पांत त्या येतही नाहीत.

आता नोकरीचं. उद्योगांनी स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात हे शासनाचं जुनं धोरण आहे. पण त्यात स्थानिक म्हणजे स्थानिक बायकाही, असं वेगळं कुठं म्हटलेलं नाही. आमच्या गटातली बारावी झालेली एक मुलगी वसाहतीत कामाला लागली आणि तीन महिन्यांत घरी बसली. काम तिला जमत होतं, पण संध्याकाळी साडेसातला शिफ्ट सुटे आणि तिच्या गावाची शेवटची एसटी सातला. सासरे म्हणाले, ‘रोज कोण आणायला जाणार?’ संपला विषय! भूखंड, पाणी, वीज सगळं नकाशात होतं, एक एसटी तेवढी नव्हती.

पाळणाघराचंही असंच. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणजे बायकांचा आकडा त्याच्या आतच ठेवायचा मोह मालकाला होणारच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत पन्नास कामगारांचा आकडा धरला आहे. त्यात स्त्री-पुरुष सगळेच मोजायचे, हे बरं झालं. याच संहितेनुसार स्त्रीच्या संमतीनं आणि सुरक्षेची सोय करून तिला रात्रपाळी देता येते. पण ती ‘सोय’ म्हणजे घरापर्यंतची गाडी, उजेड असलेला रस्ता, स्वच्छ संडास. मागितल्याशिवाय हे मिळेल अशी आशा धरू नका.

मैत्रिणींनो, मागायची वेळ मात्र ठरलेली असते. आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत लेखी हरकती-सूचना घेतात. सूचना कुणीही देऊ शकतं, त्याला वकील लागत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती नुसती वहीत होते, ती खरोखर भरवा. वसाहत येणार असेल तर तिथं विचारा: पाळीच्या वेळेला बस आहे का? पाळणाघराला जागा ठेवली का? आमच्या मुलींना आयटीआयमध्ये याच कारखान्यांना लागणारं शिक्षण मिळेल का? ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिच्या बुडालेल्या कामाचं काय? आणि हे विचारल्याची नोंद ठरावात करून घ्या. सही करण्याआधी तो ठराव वाचा.

एक काम मात्र आराखड्याची वाट न बघता करता येईल. या आठवड्यात आपल्या घरचा आणि माहेरचा सातबारा काढा. मोबाईलवर तो मिळतो, घरातली शाळकरी मुलगी काढून देईल. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते तिला मोठ्यानं वाचायला सांगा. तिचं स्वतःचं नाव त्यात कधी येणार, हे तीच तुम्हाला विचारेल. तेव्हा उत्तर तयार ठेवा.