गप्प बसलेला ‘के’

मुलांनो, ‘वह्या काढा, डिक्टेशन!’ म्हटलं की पोटात गोळा येतो ना? माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीने वही कोरीच ठेवली. “बाई, चुकलं की सगळे हसतात,” ती हळूच म्हणाली.

उतारा तीनच वाक्यांचा होता : ‘द पोस्टमन नॉक्स ॲट द डोअर. ग्रँडमदर कॅनॉट राइट. आय राइट हर लेटर.’

‘नॉक्स’ने अर्ध्या वर्गाची विकेट घेतली! सगळ्यांनी ‘एन’पासून सुरुवात केली. पण त्यांचे कान बरोबरच होते. पूर्वी इंग्रज हा ‘के’ खरंच उच्चारत. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला. पुढे छापील स्पेलिंगं हळूहळू पक्की झाली, उच्चार मात्र बदलत राहिले. सतराव्या शतकाच्या सुमारास ‘के’ गप्प झाला, कागदावर तेवढा उरला.

मग करायचं काय? उतारा तीनदा ऐका. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून नुसता अर्थ पकडा. ‘राइट’ म्हणजे लिहिणं की उजवा, हे कानाला कळत नाही. आजीचं पत्र आठवलं की कळतं! दुसऱ्यांदा दोन-तीन शब्दांचे तुकडे लिहा. तिसऱ्यांदा तपासा.

आता आमच्या वर्गात ज्याची वही तोच तपासतो. त्या मुलीच्या परवा पाच चुका झाल्या. पण वही कोरी नव्हती!

तुम्हीही ताई-दादाला चार ओळी सांगायला लावा. विषय? तुमचाच बसस्टॉप, नाहीतर आठवड्याचा बाजार.