आपल्यावाचून अडलं पाहिजे
चर्चच्या सामुदायिक जीवनात सामील व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात बहुतेकांना चर्च दोन प्रसंगी दिसतं. एक नाताळात, ख्रिस्ती शेजाऱ्याच्या अंगणात चांदणी लागते आणि करंज्या-चकल्यांचं ताट घरी येतं तेव्हा. दुसरं, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या अंत्यविधीला जावं लागतं तेव्हा. उरलेलं वर्षभर तिथं काय चालतं आणि ते कोण चालवतं, हे बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतं. आतल्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. बदली होऊन आलेले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, लग्न होऊन आलेली सून, पुण्याहून परतलेला तरुण असे कितीतरी जण दर रविवारी येतात, बसतात, आशीर्वाद झाला की निघतात. नाव हजेरीत असतं, पण मंडळीचं कुठलंच काम त्यांच्यावाचून अडत नाही.

मंडळीत सामील होणं म्हणजे हे अडणं सुरू होणं. ही कल्पना नवी नाही. दारव्ह्याच्या बाजूला जी ख्रिस्ती परंपरा रुजली, तिच्या मुळाशीच ती आहे.

विकत न मिळणारं बाक

यवतमाळ जिल्ह्यात प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या त्यात मोठा वाटा फ्री मेथडिस्ट मिशनचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या अनेक मेथडिस्ट चर्चांमध्ये बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाला पुढं, गरीब मागं किंवा उभा. बी. टी. रॉबर्ट्स या पाळकानं त्याविरुद्ध लिहिलं, गुलामगिरीलाही विरोध केला आणि 1858 मध्ये त्याला चर्चमधून काढण्यात आलं. 1860 मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वेगळी, फ्री मेथडिस्ट मंडळी काढली. तिथं बाकांना भाडं नव्हतं.

या मंडळीतले अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य 1881 मध्ये भारतात आलं, तेही कुठल्या मिशन बोर्डाच्या पगाराचा आधार नसताना. त्यांनी सुरुवातीला बऱ्हाणपुरात काम केलं. पुढं यवतमाळ हे मिशनचं मुख्य केंद्र झालं आणि दारव्हा, वणी, उमरी ही गावं त्याच्याशी जोडली गेली. उमरीत दवाखाना उभा राहिला. यवतमाळला 1939 मध्ये सुरू झालेली बायबल प्रशिक्षण शाळा 1953 मध्ये अनेक चर्चांच्या सहभागाची युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. मिशनरी गेले, संस्था हलल्या, आणि मंडळ्या चालवण्याची जबाबदारी इथल्याच माणसांवर आली. आज गावातलं चर्च चालतं ते पाळक आणि बाकावर बसणारी माणसं मिळून जे करतील तेवढंच.

पहिला रविवार

नव्या माणसाला पहिली धास्ती असते ती ‘आपलं काही चुकेल’ याची. मराठी उपासनेचा क्रम साधारण ठरलेला असतो: गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, पुन्हा गीत, उपदेश, दान, सूचना आणि शेवटी आशीर्वाद. पुष्कळ ठिकाणी स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर घेतात. चपला बाहेर काढायच्या की नाही, हे दाराशी पाहिलं की कळतं. दानाची पिशवी समोर आली म्हणून पैसे टाकलेच पाहिजेत असं नाही. प्रभुभोजनाची रीत मात्र मंडळीगणिक बदलते, म्हणून ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही किंवा जो दुसऱ्या पंथातून आला आहे त्यानं आधी पाळकांना विचारून घ्यावं. उपासनेला येऊन बसणं आणि बाप्तिस्मा घेणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी कुणाची परवानगी लागत नाही. दुसरीसाठी शिक्षण, विचार आणि वेळ लागतो.

या सगळ्यात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ते सूचनांकडे, आणि मंडळीचं जगणं कळतं ते तिथंच. बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरी, कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, छत गळतं त्याला पत्रे कधी आणायचे, हे त्या पाच मिनिटांत सांगितलं जातं. ज्याला सामील व्हायचं आहे त्यानं उपदेशाइतक्याच लक्षानं सूचना ऐकाव्यात आणि त्यातली एखादी आपल्यावर घ्यावी.

गाण्याची वाट

सगळ्यांत सोपं दार गाण्याचं. मराठी चर्चमध्ये हे दार रुंद झालं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं मराठी माणसाच्या गळ्यात नीट बसत नाहीत हे दिसलं. त्यांनी अभंग, पदं, भजनं लिहिली. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी गीतं आणि ख्रिस्ती कीर्तनाचा हा प्रवाह वाढवला. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांची गीतं मोठ्या संख्येनं आहेत. म्हणून ज्याला पेटी, तबला, ढोलकी किंवा नुसते टाळ वाजवता येतात त्याला विदर्भातल्या कुठल्याही मराठी मंडळीत जागा असते. डिसेंबरमध्ये तरुण मंडळी घरोघर नाताळगीतं गात हिंडते तेव्हा तर सूर लागतो की नाही हेही कुणी पाहत नाही. थंडीत रात्री उशिरापर्यंत चालायची तयारी हवी.

टिळक आणखी एक पाऊल पुढं गेले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त जीवन पत्करलं आणि ‘देवाचा दरबार’ ही बंधुता सुरू केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण मंडळीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं, या प्रश्नाला इतकं थेट उत्तर मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच कुणी दिलं असेल.

बारा जणांचा गट

गाण्यानं ओळख होते. नातं जुळतं ते घरातल्या बैठकीत. त्यामागची गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची आहे. फेब्रुवारी 1742 मध्ये तिथल्या मेथडिस्ट सभागृहावर झालेलं कर्ज कसं फेडायचं, यावर मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या उपस्थितीत चर्चा चालली होती. एक निवृत्त कॅप्टन म्हणाला, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी तरी हरकत घेतली, कित्येकांना तेवढंही जमणार नाही. त्यावर त्यानं सांगितलं, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरीन. असे बारा-बारांचे गट झाले. गटाचा म्होरक्या पैसे गोळा करायला दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला आणि त्याला कळू लागलं की कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कुठला नवरा पितो, कोण अंथरुणावर आहे. वसुलीसाठी केलेली सोय माणसांची विचारपूस करणारी रचना ठरली, आणि मेथडिस्ट चळवळ पुढं पसरली ती याच गटांवर.

आपल्याकडं घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा त्याच जातीच्या. शे-दीडशे माणसांत एखादा गैरहजर राहिला तर पाळकाला कळेलच असं नाही; बारा जणांत लगेच कळतं. नव्यानं आलेल्या कुटुंबानं महिन्यातून एक बैठक आपल्या घरी घ्यावी. बसायला सतरंजी आणि शेवटी चहा, एवढंच लागतं. माणसं एकदा घरी येऊन गेली की रविवारी चर्चमधलं अवघडलेपण आपोआप जातं.

शब्बाथशाळेचंही तसंच. रॉबर्ट रेक्सनं 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथं कामकरी मुलांसाठी रविवारची शाळा काढली, कारण त्यांना सुट्टीचा तोच एक दिवस होता आणि त्यांना वाचायला शिकवायचं होतं. आज मुलं शाळेत जातात, तरी वाचून दाखवायला, गोष्ट सांगायला, नाताळच्या नाटिकेत मेंढपाळ आणि मागी राजे उभे करायला माणूस लागतोच. ज्यांना वाटतं आपल्याला बायबलचं फारसं ज्ञान नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी; मुलांना शिकवण्याइतकं शिकणं दुसऱ्या कशानं होत नाही.

बायकांचं काम, बायकांचा आवाज

कुठल्याही मंडळीत कोण आजारी, कोण अडचणीत याची सगळ्यांत पक्की खबर महिला मंडळाकडे असते. भेटी देणं, बाळंतिणीला डबा नेणं, प्रार्थनेची साखळी धरणं हे तिथूनच होतं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाची सगळी उपासना स्त्रियाच चालवतात, आणि वेगवेगळ्या पंथांच्या बायका त्या दिवशी एकत्र बसतात. बायकांच्या अशा कामाची परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये पूर्ण छापून निघालं. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम आश्रमातल्या स्त्रियांनी केलं होतं.

तरी समितीत निर्णय घ्यायची वेळ आली की पुष्कळ ठिकाणी बायका चहाच्या खोलीत असतात. फ्री मेथडिस्ट मंडळी काढणाऱ्या रॉबर्ट्सनं स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याच्या बाजूनं 1891 मध्ये पुस्तक लिहिलं, पण अमेरिकेतल्या त्याच्याच मंडळीनं त्यांना पूर्ण दीक्षेचा अधिकार दिला तो 1974 मध्ये. काम आधी मिळतं आणि अधिकार फार उशिरा, ही जगभरची चाल आहे. सामील होणाऱ्या बाईनं काम जरूर घ्यावं, आणि सभेत हातही वर करावा.

हंगामाचा सण

कापसाच्या मुलखात मंडळीचा सगळ्यांत जिवंत दिवस म्हणजे हंगामाचा सण. ज्यांचं शेत आहे ते पिकाचा पहिला वाटा आणतात: ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस, भोपळे, अंडी, कधी कोंबडी. शेत नसलेला घरून डबा करून आणतो. उपासना झाली की अंगणात लिलाव लागतो आणि चाळीस रुपयांचा भोपळा चारशेला जातो. घेणाऱ्याला भोपळा नको असतो. बोली वाढवणं हा त्याचा देण्याचा प्रकार असतो. त्या गमतीत ज्याच्याकडे नोकरी आहे तो सहज जास्त देतो, आणि ज्याचं पीक गेलं तो दोन कणसं घेऊन आला तरी त्याची कणसंही तितक्याच उत्साहानं पुकारली जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही वागणूक बाजार समितीत मिळत नाही. शेजाऱ्यांना मंडळीत यायचं असेल तर याहून चांगला दिवस नाही, कारण बोली कुणीही लावू शकतं.

देण्याचे असे मार्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. मिझोराममध्ये 1910 पासून घरोघर प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढला जातो आणि त्यावर चर्चची मोठी कामं उभी राहिली आहेत. आपल्याकडं काही जण दशमांश देतात, काही जण जमेल तसं. पैसा आला की हिशेबही आला. चर्चची मालमत्ता सांभाळणारे नोंदणीकृत सार्वजनिक न्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात आणि त्यांना हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. वार्षिक सभेला जाणं, जमाखर्च वाचणं, समजला नाही तर विचारणं ही नावडती पण फार मोठी सेवा आहे. मंडळ्यांमधली पुष्कळ भांडणं श्रद्धेवरून होत नाहीत. ती खुर्ची आणि मालमत्तेवरून होतात. बँकेत किंवा लेखा विभागात काम करणाऱ्या माणसानं वर्षातले चार दिवस या कामाला दिले तर एखादं भांडण उगवण्याआधीच मिटतं.

दुःखाच्या दिवशी

मंडळीची खरी परीक्षा मृत्यूच्या दिवशी होते. कबर खणायला माणसं बघायची, पेटी आणायची, नातेवाइकांना फोन करायचे, रात्रभर गीतं गायला बसायचं, दुसऱ्या दिवशी त्या घरी स्वयंपाक पोचवायचा. ही कामं कुणाच्या पदाची नसतात. जो पुढं होतो त्याची असतात. इथं धर्माचीही अट नाही. दफनभूमीतली झुडपं तोडायला, पाण्याची सोय करायला शेजारचा कुणीही येऊ शकतो, आणि दारव्ह्यासारख्या गावात माणसं येतातही.

तेव्हा ज्याला सामील व्हायचं आहे त्यानं एकदम सगळं करू नये. एक काम निवडावं: महिन्यातून एकदा शास्त्रवाचन, घंटा वाजवणं, सतरंज्या झटकणं, आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांसाठी दुचाकी देणं, यातलं काहीही. ते वर्षभर न चुकता करावं. पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणांनाही हे लागू आहे. नाताळला आठ दिवस येऊन फोटो काढण्यापेक्षा, दर महिन्याला फोनवरून एका म्हाताऱ्या जोडप्याची औषधं मागवून देणं ही अधिक पक्की हजेरी आहे. आणि पाळकांनी, समितीनं आपल्या बाजूनं एवढं करावं: नव्या माणसाचं नुसतं स्वागत करून त्याला बसवून ठेवू नये. त्याच्या हाती किल्ली, वही किंवा झाडू, काहीतरी द्यावं. ब्रिस्टलच्या त्या कॅप्टननं अकरा नावं मागून घेतली होती. दारव्ह्यात एका माणसानं दोन नावं मागून घेतली तरी सुरुवात होईल.